गाडी कुठली ते आधी विचारा: ऑफ-रोड पार्ट्सच्या एका ऑनलाइन दुकानाबद्दल

पार्ट्सच्या दुकानातला जाणता काउंटरवाला रॅककडे हात नेण्याआधी चार प्रश्न विचारतो. गाडी कुठली, कुठल्या सालची, डीआय की सीआरडीई (जुन्या धाटणीचं डिझेल इंजिन की कॉमन रेलचं), जुना पार्ट बरोबर आणलाय का. उत्तरं मिळाल्याशिवाय तो डबा काढत नाही, म्हणून गिऱ्हाइकाची दुसरी खेप वाचते. पुण्याकडून माल पाठवणाऱ्या, ऑफ-रोड गाड्यांचे आणि पिकअपचे सुटे भाग विकणाऱ्या ज्या संकेतस्थळाबद्दल हे लिहितो आहोत, तिथे नेमकी ही चौकशी होत नाही. दुकानाचं नाव इथे देत नाही. हे सगळे मुद्दे त्यांना वेगळे कळवले आहेत. माल खरा आहे, दर बाजाराला धरून आहेत, पॅकिंग चांगलं असतं, आणि फोनवर बोलणारी माणसं गाडी ओळखणारी आहेत. उणीव आहे ती पानांवरच्या माहितीत. ती भरून काढता येण्याजोगी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठा घोळ महिंद्राच्या 'थार' या एका शब्दाचा. गाडी निवडायच्या यादीत 'थार २०१० ते २०२०' आणि 'थार २०२० नंतर' असे दोनच पर्याय आहेत. पहिल्या पर्यायात दोन वेगळ्या गाड्या एकत्र कोंबल्या आहेत. डीआय थारला पुढेही आडवा अखंड ॲक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. सीआरडीई थारला पुढे टॉर्शन बारवर (पिळली जाणारी पोलादी दांडी) चालणारं स्वतंत्र सस्पेन्शन असतं, पाटे फक्त मागे. तरी 'दोन इंची लिफ्ट किट, पुढचे-मागचे पाटे' हा गाडी उंच करायचा माल दोन्ही गाड्यांच्या नावावर लावलेला आहे. सीआरडीईवाल्याने तो मागवला, तर पुढचे दोन पाटे आणि त्यांचे यू-बोल्ट बसवायला गाडीत जागाच नाही. त्या गाडीची पुढची उंची टॉर्शन बारचा बोल्ट आवळून वाढवतात, आणि त्यालाही मर्यादा आहे. जितकं उचलाल तितकी चाकाची खाली जाण्याची चाल कमी होते आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो. मग शाफ्टवरचे रबरी बूट लवकर फाटतात, ग्रीस बाहेर पडतं, जॉइंट आवाज करू लागतो. हे चार ओळींत पानावर लिहिता येतं.

दुसऱ्या पर्यायाचं तेच. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली थार, जानेवारी २०२३ मध्ये आलेली फक्त मागच्या चाकांवर चालणारी दीड लिटर डिझेल थार, आणि ऑगस्ट २०२४ मधली पाच दारांची रॉक्स, या तिन्ही एकाच ओळीत आहेत. टू-व्हील गाडीला पुढचे ड्राइव्ह शाफ्ट नसतात, त्यामुळे त्या भागाचं काहीच तिला लागत नाही. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी, रॉक्सचा २८५०. मधला फरक ४०० मिमी, म्हणजे जवळजवळ सव्वा फूट. रॉक स्लायडर, साइड स्टेप, रूफ रॅक यांतलं काहीही एका गाडीचं दुसऱ्या गाडीला बसणार नाही.

टोयोटाच्या फॉर्च्युनर आणि हायलक्सची जोडी अशीच फसवी आहे. दोन्ही एकाच घराण्यातल्या, पुढचा भाग बराच सारखा, म्हणून 'फॉर्च्युनर / हायलक्स लिफ्ट किट' असं एकच पान केलंय. पण फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग असतात, हायलक्सला पाटे. अर्धं किट चुकीचंच जाणार. मारुतीच्या जिप्सीच्या पानावर तर साल सोडून काहीच विचारलेलं नाही. एमजी ४१० चं ९७० सीसीचं इंजिन वेगळं, एमजी ४१३ चं १२९८ सीसीचं वेगळं, त्यातही कार्ब्युरेटरवाली आणि एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाली) वेगळी; अरुंद ट्रॅक आणि रुंद ट्रॅक हा फरक आणखी निराळा. जिप्सी आता नवी मिळत नाही. आहे त्या गाड्या सांभाळणारे लोक अशा दुकानांच्या भरवशावर आहेत, त्यामुळे या गाडीच्या बाबतीत तरी कसूर नको.

उपाय अवघड नाही. कंपनी, मॉडेल, इंजिन, टू-व्हील की फोर-व्हील, दारं किती, आणि उत्पादनाचा महिना-वर्ष, या सहा गोष्टी एकदाच विचाराव्यात आणि 'माझी गाडी' म्हणून जपून ठेवाव्यात. नोंदणीचं वर्ष विचारू नये. डिसेंबरात तयार झालेली गाडी मार्चमध्ये नोंदली जाते आणि साल चुकतं. उत्पादनाचा महिना आरसीवर छापलेला असतो, तो घ्यावा. मग प्रत्येक पार्टच्या पानावर 'बसेल' किंवा 'बसणार नाही' एवढंच न सांगता कारणही सांगावं: 'हा पाटा तुमच्या गाडीला नाही, कारण तुमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहे.' कारण कळलं की गिऱ्हाईक फोन न करता योग्य पार्टकडे वळतं. जिथे दुकानालाच खात्री नाही, तिथे 'चॅसिस नंबर पाठवा, तपासून सांगतो' असं बटण द्यावं. आज अशा ठिकाणी 'सर्व मॉडेल्सना चालेल' असं लिहिलेलं सापडतं, आणि परत येणारा माल बहुतेक तिथूनच येत असणार.

रिम आणि नटांकडे वळू, कारण इथली चूक पैशापुरती राहत नाही. रिमच्या पानावर '१५ इंच, १३९.७ पीसीडी' (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) एवढंच दिलंय. १३९.७ सुझुकीच्या जिम्नीलाही आहे आणि फॉर्च्युनरलाही, पण जिम्नीला भोकं पाच आणि फॉर्च्युनरला सहा. मधल्या भोकाचा व्यास जिम्नीला १०८ मिमी लागतो, फॉर्च्युनरला १०६ च्या आसपास. भोकांची संख्या, पीसीडी, मधला व्यास, रिमची रुंदी, ऑफसेट (रिमची मधली रेष बसायच्या पृष्ठभागापासून किती आत-बाहेर) आणि वजन पेलण्याची क्षमता हे सहाही आकडे नसतील तर ते पान विक्रीला लावूच नये. ऑफसेट तर कुठेच दिलेला नाही. जिम्नीचा कंपनीचा रिम साडेपाच इंच रुंद, ऑफसेट अधिक ५. त्या जागी सात इंची, उणे २० चा रिम लावला तर चाकाची मधली रेष २५ मिमी बाहेर जाते. बाहेरची कड त्याहून जास्त सरकते, कारण वाढलेल्या दीड इंचाचा निम्मा भाग बाहेर पडतो: १९ मिमी आणखी, एकूण सुमारे ४४ मिमी. म्हणजे टायर फेंडरच्या बाहेर, चिखल दारावर, आणि व्हील बेअरिंगवर जादा भार. हे गणित संकेतस्थळाने स्वतः करून दाखवावं. जुना रिम आणि नवा रिम टाकला की दोन रेषांचं चित्र आलं पाहिजे.

टायरचंही तसंच. १९५/८० आर १५ चा व्यास ६९३ मिमी येतो, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३३. फरक जवळजवळ सहा टक्क्यांचा. म्हणजे मीटरवर १०० दिसत असताना गाडी आधीपेक्षा तेवढ्याच टक्क्यांनी जोरात पळत असते, आणि चढावर गिअर लांब पडल्यासारखा वाटतो. टायरच्या पानावर हे दोन आकडे शेजारी शेजारी असावेत, आणि न उचललेल्या गाडीत पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर टायर कशाला घासतो तेही.

आणि हा नट. पानावर लिहिलंय 'व्हील नट, १२ मिमी, क्रोम, २० चा संच'. सुझुकीच्या स्टडचा (नट ज्यावर चढतो तो बोल्ट) आटा एम १२ × १.२५, टोयोटाचा एम १२ × १.५. दोन्ही '१२ मिमी'च. टोयोटाचा नट सुझुकीच्या स्टडवर दोन-तीन आटे हाताने चढतो, मग घट्ट होतो. पाना मोठा घेतला की पुढेही जातो, फक्त जाताना स्टडचे आटे कापत जातो. मेकॅनिकला वाटतं आवळला. प्रत्यक्षात नटाने रिम धरलेलाच नसतो. त्यात नटाचं तोंड उतरतं आहे की सपाट, तेही लिहिलेलं नाही. कंपनीच्या ॲलॉयला एक चालतं, बाहेरच्या रिमला दुसरं. फोटो तर नटाच्या चकचकीत डोक्याचा आहे. आम्हाला आट्याचा फोटो हवाय, मोजपट्टी शेजारी ठेवून. हे एक पान आज दुरुस्त झालं नाही तर विक्री थांबवावी, असं दुकानाला स्पष्ट कळवलं आहे.

लिफ्ट किटच्या पानांवर डब्यात काय आहे हे कळत नाही, ही सगळ्या गिऱ्हाइकांची तक्रार असायला हरकत नाही. जिम्नीचं ५० मिमीचं किट घ्या. पानावर चार स्प्रिंग आणि चार शॉकअपचा फोटो आहे. पण जिम्नीचा ॲक्सल लांब आर्मवर लटकलेला असतो. गाडी वर गेली की आर्म खाली कलतात, ॲक्सल थोडा पुढे लोळतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी होतो. परिणाम ताशी ८० वर कळतो: स्टिअरिंग हलकं पडतं, सरळ रस्त्यावर गाडी भटकते, वळणानंतर चाक आपोआप मधे येत नाही. कॅस्टर परत मिळवायला वेगळे रबरी बुश किंवा वेगळे ब्रॅकेट लागतात. ॲक्सल आडवा जागेवर धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडची लांबी तेवढीच राहते आणि कोन वाढतो, त्यामुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो. लांबी बदलता येणारा रॉड लागतो. ब्रेकचे होज ताणले जातात, एबीएसच्या वायरचे क्लिप सोडवावे लागतात, आणि शॉकअप लांब असेल तर बंप स्टॉपही (चाकाची वरची चाल अडवणारा रबर) वाढवावा लागतो, नाहीतर चाक पूर्ण वर गेल्यावर शॉकअप आतून ठोकतो. यातलं किटमध्ये काय आहे आणि काय वेगळं घ्यायचं, याचा एक साधा तक्ता दिला तर गिऱ्हाईक एकदाच ऑर्डर देईल आणि गाडी मिस्त्रीकडे चार दिवस स्टँडवर उभी राहणार नाही.

स्प्रिंगच्या बाबतीत आणखी एक माहिती कायम गाळली जाते: स्प्रिंग किती वजनासाठी आहे. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (दोराने गाडी ओढायचं यंत्र) असलेल्या गाडीची स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर पुढचं तोंड वर राहतं आणि गाडी दगडासारखी आपटते. उलट केलं तर ५० मिमीच्या किटमधून १५ मिमीच मिळतात आणि लोक किटला दोष देतात. 'कंपनी वजन', '५० किलोपर्यंत जादा', '१०० किलोपर्यंत जादा' असे पर्याय द्यावेत. त्यासाठी दुकानाने स्वतः विकलेल्या प्रत्येक बंपरचं, रॅकचं, विंचचं वजन पानावर टाकायला हवं. आज विंचचं वजन आहे, बंपरचं नाही. डावी-उजवी स्प्रिंग वेगळी असेल तर तसं लेबल डब्यावर आणि पानावर दोन्हीकडे हवं.

फिटिंगच्या सूचना इंग्रजीत, दुसऱ्या देशातल्या डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीच्या चित्रासह येतात. गॅरेजमध्ये गाडी उघडणारा माणूस त्या वाचणार नाही. मराठीत आणि हिंदीत एका पानाची सूचना पुरे आहे, पण तिच्यात दोन गोष्टी हव्यातच. बुश असलेले बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर आवळावेत, कारण हवेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. आणि पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क लावून तपासावेत. किती न्यूटन मीटर, तो आकडा प्रत्येक बोल्टसमोर छापावा.

स्नॉर्केलच्या (इंजिनाची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीच्या) पानावर कापायचा कागदी साचा येतो हे लिहिलंय, ते छान. पण एअर फिल्टरच्या डब्याला तळाशी पाणी निघून जायची एक वाट असते, ती बंद करायची हे कुठेच नाही. ती उघडी राहिली तर वरून हवा घेणारं हे धूड फक्त शोभेचं, पाणी खालूनच इंजिनात शिरणार. पावसाच्या तोंडावर हे पान सगळ्यात जास्त उघडलं जात असणार. मुळशी-ताम्हिणीकडच्या वाटा असोत की गोव्यात २०१४ साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंजची भारतीय फेरी, आपल्याकडचा ऑफ-रोडचा हंगाम म्हणजे पावसाळा. मे महिन्याच्या आत ही माहिती पानावर यायला हवी.

रिकव्हरीचा, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायच्या सामानाचा, विभाग या संकेतस्थळाचा सगळ्यात चांगला विभाग आहे. विंच, दोर, पट्टे वेगळे लावलेत, व्हिडिओ आहेत. त्यात तीन दुरुस्त्या सुचवतो. विंचची ताकद पौंडात दिली आहे, तिच्या शेजारी किलो हवेत: ९५०० पौंड म्हणजे सुमारे ४३०० किलो. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट ओढ असावी हा रुळलेला हिशोब. जिम्नीचं भरलेलं वजन १५४५ किलो, म्हणजे तिला २३०० किलोंच्या आसपासची विंच हिशोबाने पुरते. ही जुळणी पानाने करून दाखवावी. शिवाय लिहिलेली ओढ ड्रमवरच्या पहिल्या थरावरची असते, वरच्या थरांवर ती घटते, हे वाक्य प्रत्येक विंचच्या पानावर हवं. मोठी विंच पूर्ण ओझ्यावर ४०० अँपिअरच्या आसपास करंट खेचते, तेव्हा बॅटरी कुठली आणि केबल किती जाड तेही सांगावं.

दुसरी दुरुस्ती शॅकलची, म्हणजे दोर-पट्टा अडकवायच्या लोखंडी कडीची. 'बो शॅकल, ४.७५ टन' असं लिहून खाली फोटो लहान शॅकलचा आहे. पाऊण इंची शॅकल ४.७५ टनांचा असतो, पाच-अष्टमांश इंची ३.२५ टनांचा. टनांचा आकडा सुरक्षित कामाचा आहे की तुटण्याचा, ते न लिहिणं धोक्याचं आहे. दोन आकड्यांत कित्येक पटींचा फरक असतो. शॅकलच्या अंगावर कोरलेला आकडा वाचता येईल असा जवळून फोटो द्यावा. तिसरी गोष्ट कायनेटिक पट्ट्याची. हा पट्टा ताणून ऊर्जा साठवतो, तो टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही अडकवू नये, कारण बॉल तुटला तर तो तोफगोळ्यासारखा येतो. ही सूचना सध्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आहे. ती किमतीच्या वर, ठळक हवी.

शोधायच्या चौकटीबद्दल थोडक्यात. आपल्याकडे कुणी शॉकअप म्हणतं, कुणी शॉकर, कुणी शॉक ॲब्सॉर्बर. तिन्हींना वेगवेगळा निकाल येतो, 'पाटा' लिहिलं तर काहीच येत नाही. पार्ट नंबर मधली रेघ गाळून टाकला तरी सापडला पाहिजे. मारुतीच्या भारतात बनलेल्या भागांच्या नंबरात मधे 'एम' असतो, जपानी सुझुकीच्या नंबरात त्या जागी रेघ. दोन्ही प्रकार शोधात धरावेत, मात्र ते एकच आहेत असं परस्पर ठरवू नये.

वाहतूक खर्च शेवटच्या पायरीवर कळतो आणि धक्का बसतो. कुरिअरवाले लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन बहुधा ५००० ने भागतात. १४० × १२५ × २० सेंमीचा रूफ रॅक प्रत्यक्षात ३० किलोंचा असला तरी हिशोबात ७० किलोंचा होतो. पिनकोड टाकताच पानावरच खर्च दिसावा, आणि सोबत ट्रान्सपोर्टच्या गोदामातून स्वतः उचलण्याचा पर्याय असावा. कोल्हापूर, नाशिक, सावंतवाडीकडच्या गिऱ्हाइकाला तो निम्म्यात पडतो. 'उपलब्ध' या शब्दाचेही तीन अर्थ करावेत: आमच्या गोदामात, पुरवठादाराकडे, परदेशातून मागवावा लागेल. करासकट किंमत पहिल्याच पानावर हवी; २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण काही जुन्या पानांवर अजून २८ टक्क्यांचा हिशोब दिसतो.

बुलबारच्या (बंपरपुढच्या लोखंडी गार्डच्या) पानावरचा 'आरटीओ मान्य' हा शिक्का काढावा. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून क्रॅशगार्ड आणि बुलबार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचं सांगितलं आहे. कुठल्या प्रमाणपत्राच्या जोरावर मान्यता, ते पानावर कुठेच नाही. दंड गिऱ्हाइकाला भरावा लागतो, आणि अपघातानंतर विम्याचा वाद झाला तर तोही त्याच्याच गळ्यात. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्कही सापडत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ते देणं बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा एका महिन्यात व्हायला हवा. परतीच्या पानावर 'बसवलेला माल परत नाही' असं आहे, ते रास्त. पण पानावरच्या चुकीच्या माहितीमुळे न बसलेला माल असेल तर येण्या-जाण्याचा खर्च दुकानाने उचलावा, हे वाक्य त्याच्याच खाली हवं.

हे होईपर्यंत या संकेतस्थळावरून मागवणाऱ्यांनी ऑर्डरच्या शेऱ्यात स्वतःच लिहावं: मॉडेल, इंजिन, फोर-व्हील की टू-व्हील, आरसीवरचा उत्पादन महिना, चॅसिस नंबर, गाडीवर आधीच बसवलेली लिफ्ट किती मिमी, आणि पुढे बंपर-विंच आहे का. रिम किंवा नट असतील तर जुन्या नटाच्या आट्याचा फोटो मोजपट्टीसह व्हॉट्सॲपवर पाठवावा आणि 'बसेल' हे उत्तर लेखी आल्यावरच पैसे भरावेत. फोनवरची माणसं हे उत्तर देतात, बहुतेक वेळा त्याच दिवशी, आणि ते बरोबर असतं. त्यांनी दिलेली ही उत्तरं त्या-त्या पार्टच्या पानावर चिकटवायला दुकानाने आठवड्यातला एक दिवस दिला, तर दिवाळीच्या आत निम्मी पानं पुरी होतील.